मोठ्या अक्षरांचा जुळारी

लाडक्या भोयेला हात स्वस्थ ठेवता यायचे नाहीत. जेवायला बसला तरी भाताची शितं चिमटीत धरून ताटाच्या कडेने ओळीत लावायचा. जीपमध्ये जागा असली तरी मागे उभा राहायचा आणि आपल्या गावापासून, दाभोशापासून, जव्हारपर्यंत लोखंडी नळीवर बोटं आपटत यायचा. त्याची बायको सुकरी म्हणायची, "याचे अंगात मुंग्या हायत." मी म्हणायचो, अगं, मुंग्यासुद्धा कधीतरी वारुळात जाऊन गप पडतात.

मी जव्हारला प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा सुटली की गोकुळशेठच्या छापखान्यात प्रुफं तपासायला जायचो. मोबदला म्हणजे दोन चहा आणि फुकटचं वर्तमानपत्र. लाडक्या तिथला जुळारी. शिशाचे खिळे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. ते एकेक उचलून ओळी जुळवायच्या, पान बांधायचं, छापायचं आणि मग पान सोडून खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. हे काम त्याने सत्तावीस वर्षं उभ्याने केलं. सोळाव्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आला होता. पाऊस लागला म्हणून छापखान्याच्या वळचणीला उभा राहिला, म्हाताऱ्या जुळाऱ्याचे हात बघत बसला आणि दुसऱ्या दिवशी खडी सोडून इकडेच आला. शिक्षण सातवी. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं येत होती, तीही उलटी. कागद समोर ठेवला की नुसत्या आकारावरून तो इतकं बिनचूक जुळवायचा की बी.ए. झालेल्या माणसाने लाजावं. मी लाजलोय.

छापखाना चालायचा तो लग्नपत्रिकांवर. पूर्वी आमच्या पाड्यांवर पत्रिका कुठली? माणूस दारात यायचा, तोंडाने आवतण द्यायचा, झालं. नव्वदनंतर पोरं मास्तर, तलाठी, शिपाई झाली आणि पत्रिकेशिवाय लग्न लागेना. पत्रिका आली तसं भांडणही आलं. नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव बारीक टाइपात छापलं म्हणून एक पाहुणा थेट खोडाळ्याहून जीप करून भांडायला आला होता. गोकुळशेठ मागच्या दाराने पळाले. लाडक्याने मात्र त्याला शांतपणे समजावलं, "मामा, लगनघरचा नाव मोठा, पाव्हण्याचा बारीक. तुमचे घरी कार्य निघाला का तुमचा मोठा टाकीन." पाहुण्याला पटलं. चहा पिऊन गेला. लाडक्याने आयुष्यभर अक्षरांचा हा एकच कायदा पाळला, आणि याच कायद्याने त्याचा घात केला.

त्याची मुलगी मंजुषा. हे नावही त्याला तहसील कचेरीतल्या एका कारकुनाच्या लग्नपत्रिकेतच सापडलं होतं. नवरीचं नाव जुळवता जुळवता ते आवडलं, तेवढ्यात घरी मुलगी झाल्याचा निरोप आला आणि पाचवीला हेच ठेवलं. दाभोशात अर्ध्या लोकांना ते धड म्हणता येत नव्हतं. मंजुषा बारावी झाली आणि जव्हारच्या कॉलेजात गेली. रोज बापाबरोबर त्याच जीपने यायची. ती आत बसायची, हा मागे लटकायचा.

सत्त्याण्णव साली कॉलेजात इंग्रजीला प्रतिभा मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या. बाई वाईट नव्हत्या, पण नियमाला पक्क्या. त्यांनी ठरवलं, प्रत्येकाने इंग्रजीतलं एक सोपं पुस्तक वाचायचं आणि त्याचं परीक्षण इंग्रजीतच लिहायचं. चांगली परीक्षणं वार्षिकांकात छापणार, आणि छापलेल्यांतल्या एकाला संमेलनात बक्षीस. फळ्यावर त्यांनी कॅपिटल अक्षरांचे नियम लिहून दिले. वाक्य सुरू होताना कॅपिटल. माणसाच्या नावाला, गावाच्या नावाला कॅपिटल. पुस्तकाच्या नावात मुख्य शब्दांना कॅपिटल, पण मध्ये येणाऱ्या 'ऑफ', 'अँड' असल्या किरकोळ शब्दांना नाही. म्हणजे पुस्तकाच्या नावातसुद्धा काही जणांना मागच्या पंगतीत बसवायचं. मंजुषा ती वही घेऊन माझ्याकडे आली होती, तेव्हा मी हे म्हणालो आणि ती हसली होती.

पहिल्या खेपेला तिने परीक्षण दिलं ते गडबडीत. नियम सगळे पाळले आणि शेवटी स्वतःचं नाव लिहिताना 'एम' बारीक काढला. मॅडमनी वही वर्गात उंच धरली. "जी मुलगी स्वतःच्या नावाला मोठं अक्षर देत नाही, तिला जग काय मान देणार?" वर्ग हसला. मॅडमनाही बहुधा एवढं हसं व्हायला नको होतं, पण तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच!

मंजुषा तिथून तडक छापखान्यात आली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसून रडली. लाडक्या खिळ्यांच्या खणांपुढे उभा होता. त्याने सगळं ऐकलं. 'मान' हा शब्द ऐकल्यावर त्याची बोटं थांबली आणि मग दुप्पट वेगाने चालू लागली. "मॅडम बरोबर बोलली," तो म्हणाला. "मोठा अक्षर म्हणजे मान. लगनाचे पत्रिकेत बघ ना." मी म्हटलं, "लाडक्या, अरे तो नुसता लिहिण्याचा नियम आहे, मानाचा काय संबंध?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच अडाणी.

मंजुषाला सावरलं ते सुनिताने. ही खोडाळ्याची, वसतिगृहात राहायची, तिच्याच वर्गातली. महिनाभर दोघी वसतिगृहाच्या ओट्यावर बसल्या. सुनिता तिच्याकडून एकेक वाक्य पाच-पाचदा लिहून घ्यायची. स्वतःचं परीक्षण बाजूला ठेवून आधी हिचं तपासायची. सुट्टीला दाभोशाला यायची तेव्हा सुकरीच्या हातची नागलीची भाकर आणि सुक्या माशांचं कालवण खाऊन जायची. लाडक्या तिला 'खोडाळ्याची पोर' म्हणायचा आणि जीपमध्ये तिच्यासाठी जागा धरायचा.

दोघींची परीक्षणं निवडली गेली. एकूण चौदा. जानेवारीत वार्षिकांकाचं काम गोकुळशेठकडे आलं, आणि त्या दिवसापासून लाडक्या जो सुटला तो आवरेना. चहा अर्धा टाकून उठायचा. मंजुषाचा कागद दिवसातून चारदा काढून बघायचा, घडी घालायचा, पुन्हा काढायचा. मला विचारायचा, "गुरुजी, नाव वर का खाली? ठळक केला तं चालल का?" मी दोनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा खेकसलो. खरं सांगतो, त्याची ती तगमग बघून माझंही डोकं उठायचं. पण पोरीचं नाव पहिल्यांदा छापून येणार, त्यात गैर काय, असंही वाटायचं.

अडचण एकच होती. इंग्रजीचे खिळे थोडे, त्यातही कॅपिटलचे अगदी मोजके. मोठ्या 'टी'चे धड खिळे बारा. आणि आमच्या मुलांची सगळी परीक्षणं 'धिस बुक इज' अशीच सुरू होणारी! थोडक्यात, कॅपिटल अक्षरं एका वेळी एका पानापुरती होती. ही काही नवी गोष्ट नव्हती. लाडक्याची पद्धत ठरलेली: एक पान पुरतं जुळवायचं, छापायचं, सोडायचं, त्याच खिळ्यांनी पुढचं. यंदा मॅडमना सगळी प्रुफं एकदम हवी होती, म्हणून त्याने इंग्रजी विभागाची आठही पानं जुळवून ठेवली. पहिल्या पानावर एकटं मंजुषाचं परीक्षण, सगळ्या कॅपिटलांसकट. बाकीच्या सात पानांत कॅपिटलच्या जागी तात्पुरती लहान अक्षरं.

प्रुफं आली. पहिलं पान स्वच्छ. पुढच्या पानांवर मी प्रत्येक चुकीखाली तीन-तीन रेघा मारल्या, म्हणजे 'इथे कॅपिटल करा'. पानं लालभडक झाली. मी लाडक्याला दाखवली.

"ठावा हाय गुरुजी," तो म्हणाला. "पयला पान छापला का खिळे सुटतील. मंग एकेक पान दुरुस्त करतो नि छापतो. दर सालचीच रीत ना."

दर सालचीच रीत. म्हणून मी प्रुफांवर 'दुरुस्त्या करून छापावे' असं लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी मला निवडणुकीच्या ट्रेनिंगला मोखाड्याला जायचं होतं. गोकुळशेठ कॉम्प्युटरची चौकशी करायला नाशिकला गेले होते. छापखान्यात लाडक्या एकटा.

मी चौथ्या दिवशी परतलो तोवर अंक शिवून कॉलेजात पोचले होते आणि संध्याकाळी संमेलन होतं. लाडक्या मांडवात सगळ्यात मागे, बांबूला टेकून उभा. इस्त्रीचा सदरा. बोटं बांबूवर चालूच.

परीक्षक ठाण्याहून आले होते. त्यांनी हाताने लिहिलेले कागद पाहिलेच नव्हते, छापलेला अंक तेवढा पाहिला होता. माइकसमोर उभे राहून म्हणाले, "चौदा परीक्षणं वाचली. काहींत विचार चांगला आहे. पण मोठी अक्षरं कुठे वापरायची हे चौदांत एकाच विद्यार्थिनीला कळलं आहे. बाकीच्या तेरा जणांना स्वतःची नावंसुद्धा लिहिता येत नाहीत, याचं मला वाईट वाटलं." आणि त्यांनी मंजुषा भोये हे नाव पुकारलं.

मी शेजारच्या पोराच्या हातातला अंक ओढून घेतला. पहिलं पान लखलखीत. त्यापुढची सातही पानं, जशीच्या तशी, प्रुफात होती तशी. माझ्या एकाही लाल रेघेची दुरुस्ती झाली नव्हती. सुनिताचं नाव पाचव्या पानावर होतं, बारीक 'एस'ने सुरू झालेलं.

मंजुषा वर गेली, बक्षिसाचा शब्दकोश घेतला, खाली आली. टाळ्या वाजत होत्या. तेरा मुलं अंक उघडून आपापलं पान शोधत होती. सुनिताने आपलं पान बघितलं, अंक मिटला आणि मांडीवर उपडा ठेवला. मंजुषाने तिच्या मांडीवरून तो उचलला, उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. मागे लाडक्याचा चेहरा मात्र असा फुलला होता की जणू घरचंच लग्न लागलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा छापखान्यात आली. मीही होतो, लाडक्याला झाडायला आलो होतो, पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"बा, खिळे संपले होते काय?"

"हां. खिळेच नव्हते," लाडक्या म्हणाला. हात खणात.

ती खाली वाकली. खण ठेवायच्या लाकडी घोडीखाली लोखंडी पत्र्यावर सुतळीने आवळून बांधलेलं एक पान होतं. शाई पुसून लख्ख केलेलं. तिने ते बाहेर ओढलं. उलटी अक्षरं तिलाही वाचता येत होती, लहानपणी इथेच खेळलेली. तिचंच पान. सगळे 'टी', सगळे 'एम', सगळे मोठे खिळे त्यात अडकून पडलेले.

"हा सोडला का नाय?"

लाडक्याने हातातला खिळा खाली ठेवला. मग एकदम बोलायला लागला, थांबता थांबेना. छापून झाल्यावर त्याने सुतळीला हात घातला होता म्हणे, दोनदा. पण सोडवेना. हजार पत्रिका सोडल्या, देवादिकांची नावं सोडली, पण हे पान सोडायचं म्हणजे पोरीचं नाव हाताने मोडून खणाखणात टाकायचं. दाभोशाला न्यायचं होतं, सुकरीला दाखवायचं होतं. संध्याकाळपर्यंत ठेवू म्हणाला, मग सकाळपर्यंत. तोवर कॉलेजचा शिपाई दारात, अंक कुठे म्हणून; बाकीची पानं होती तशीच छापून टाकली. "नि म्हटला, आपले घरचा कार्य हाय. घरचा नाव मोठा. बाकीचे पाव्हणे, बारीक झाले तं काय होतं?"

"सुनिताचा नाव वाचला नाय तू?"

मला वाटलं, आता तो म्हणेल, मला इंग्रजी कुठे येतं.

"वाचला," लाडक्या म्हणाला.

मंजुषाने शब्दकोश खणांवर आपटला. "मना तिना शिकवला, बा! एक-एक अक्षर तिना शिकवला! नि काल सगळे मांडवानं ऐकला का तिला स्वतःचा नाव येत नाय." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मॅडमला मी सांगून आले. बक्षीस परत करते म्हणले. मॅडम बोलल्या, तोंडी नको, चूक कुणाची ते छापून आणा."

मग तिने स्वतःच सुतळीची गाठ सोडली. पान सैल झालं, कडेचे खिळे कलंडले. लाडक्याच्या तोंडून चटका बसल्यासारखा आवाज निघाला. पण तो पुढे झाला आणि एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकू लागला. एरवी हे काम तो न बघता, गप्पा मारत करायचा. त्या दिवशी प्रत्येक खिळा बघून टाकत होता. मी झाडायला आलो होतो ते विसरलो. माझी सही त्या प्रुफांवर होती. छापण्याआधी एकदा बघायला हवं होतं आणि मी ट्रेनिंगचं निमित्त सांगत होतो. हे मी मंजुषाला सांगितलं. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचा नंतर बघू."

दुपारी शुद्धिपत्र जुळवलं, मराठीत. मजकूर मी सांगितला: इंग्रजी विभागातील तेरा विद्यार्थ्यांची नावे व वाक्ये चुकीच्या अक्षरांत छापली गेली आहेत, विद्यार्थ्यांनी ती बरोबर लिहिली होती, चूक जुळाऱ्याची आहे. खाली तेरा नावं. लाडक्याने ती न सांगता चोवीस पॉइंटात घेतली, पत्रिकेत नवरा-नवरीची घेतात तशी. "मराठीत बरा हाय," तो पुटपुटला. "सगळी अक्षरा सारखी." आणि सगळ्यात खाली, आठ पॉइंटात, भिंगाने वाचावं लागेल असं एक नाव: लाडक्या भोये.

सत्तावीस वर्षांत त्या छापखान्यातून निघालेल्या कुठल्याच कागदावर हे नाव नव्हतं. मुद्रक म्हणून गोकुळशेठचं असायचं. मला हे तेव्हाच सुचलं आणि सुचलं म्हणून लाज वाटली.

मंजुषाने ओलं प्रूफ उचललं. "तुझा नाव इतका बारीक का?"

"चूक करणाराचा बारीकच बरा."

"मोठा कर."

"लोक वाचतील, पोरी."

"सुनिताचा पण वाचलाच ना लोकांनी."

लाडक्याने आठ पॉइंटाची ती ओळ काढली आणि चोवीसच्या खिळ्यांचा खण ओढला. 'ड' त्याच्या हातून उलटा बसला. इतक्या वर्षांत मी त्याच्या हातून अशी चूक पाहिली नव्हती. मंजुषाने बोट ठेवून दाखवली, त्याने सरळ केला. चारशे कागद छापले. मंजुषाने कॉलेजातून परत मागवलेले अंक जीपमधून आणले, मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली.

"शुद्धिपत्र पाठीमागचे पानावर लावू," लाडक्या म्हणाला. "आत जागा नाय."

"मॅडम बोलल्या, इंग्रजी विभागाचे पयले पानावर."

इंग्रजी विभागाचं पहिलं पान म्हणजे तिचंच. तिथे रिकामी जागा नव्हती. कागद लावायचा तर पुस्तकाचं नाव आणि त्याखालचं मंजुषा भोये हे झाकूनच लावावा लागणार होता. लाडक्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती खळीत बोट बुडवून कागदाच्या कडेला फिरवत होती.

तिने पहिला कागद उचलला, आपल्या नावावर धरला. लाडक्याचा हात पुढे आला. मला वाटलं, तो तिला अडवणार. त्याने कागदाचं दुसरं टोक धरलं.

"सरळ लाव," एवढंच म्हणाला.